डाव्या चाकाचं म्हणणं

जीप सावलीत उभी केली, खाली उतरले आणि नेहमीप्रमाणे प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताचा पालथा पंजा नेऊन पाहिला. लांबचा फेरफटका झाला की ही तपासणी मी चुकवत नाही. मागची दोन्ही चाकं कोमट होती. पुढचं उजवं त्याहून जरा गरम, म्हणजे असायला हवं तसं. पुढच्या डाव्या चाकापाशी मात्र हात वीतभर लांब असतानाच धग लागली. जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीचा, कडवट, घशात बसणारा वास येत होता. बाटलीतलं पाणी बोटाने शिंपडलं तर थेंब हबवर, चाकाच्या मधल्या तुंब्यावर, क्षणभर नाचले आणि उडून गेले.

ही जीप काकांची. विलीजची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. १९५३ साली हे मॉडेल आलं तेव्हा बॉनेट उंच झालं ते इंजिनामुळे. आधीच्या जीपमध्ये सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असायचे. हरिकेन नावाच्या या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन पूर्वीसारखं २.२ लिटरचंच, पण उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. गाडी त्यामुळे थोडी आडदांड दिसते, म्हणून बऱ्याच जणांना आधीची बुटकी जीपच देखणी वाटते. मला हीच आवडते. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसते. कुठलाही नट घ्या, त्याच्यापर्यंत हात पोचतो आणि पानाही पोचतो. ज्यांनी ही गाडी आखली त्यांनी ती दुरुस्त करणाऱ्या माणसाचा विचार केला होता, हे दर वेळी जाणवतं.

काकांचा डावा गुडघा आता क्लच दाबू देत नाही, म्हणून गेली काही वर्षं जीप माझ्याकडे आहे. ऑइल बदलणं, पॉइंट घासून त्यांची फट लावणं, कार्ब्युरेटर उघडून साफ करणं हे सगळं मी त्यांच्या नजरेखाली शिकले. ब्रेकला मात्र कधी हात लावला नव्हता. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. या फरकाची मला भीती वाटायची आणि अजूनही वाटते. ती वाटलीच पाहिजे असं माझं मत आहे.

चाक तापल्याचं काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, ब्रेक मारला की आधी ती किंचित उजवीकडे जाते. पाय काढला की मग डावीकडे ओढते. माझ्या हातात असतानाच सुरुवात झाली होती."

त्यातलं 'डावीकडे ओढते' तेवढं मी उचललं. डावं चाक तापतंय, गाडी डावीकडे ओढतेय, म्हणजे डाव्या चाकाचे शू (लायनर लावलेल्या ब्रेकच्या कमानी) ड्रमला, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, आतून धरून बसतात, हे सरळ होतं. पहिला अर्धा भाग, ते 'आधी उजवीकडे', कानावरून गेलं. त्या अर्ध्या वाक्यात पुढच्या तीन आठवड्यांच्या कामाचं उत्तर होतं.

जुन्या गाडीचा ब्रेक हा एका ओळीत सांगण्यासारखा प्रकार आहे. पायाने पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो, नळ्यांमधला द्रव दाबला जातो, तो दाब प्रत्येक चाकातल्या छोट्या सिलिंडरपर्यंत पोचतो, तिथले दोन पिस्टन बाहेर सरकून दोन शू ड्रमवर रेटतात. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे शाळेत शिकलेलं तत्त्व इथे प्रत्यक्ष काम करतं. दाब सारखा, पण रेटा सारखा नाही. या जीपच्या पुढच्या चाकातला सिलिंडर १ इंच व्यासाचा आणि मागचा पाऊण इंचाचा आहे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पुढच्या शूवर मागच्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जोर येतो. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, म्हणून ही वाटणी. १९२१ साली ड्यूसेनबर्गच्या मोटारीत चारही चाकांना असे द्रवाचे ब्रेक आले, तरी फोर्डने १९३९पर्यंत तारा आणि दांडे ओढून लागणारे ब्रेकच ठेवले. दांडा डोळ्यांना दिसतो. नळीतला दाब दिसत नाही. त्या सावधपणाचं मला हसू येत नाही, कारण नळीतल्या न दिसणाऱ्या दाबानेच मला तीन आठवडे फिरवलं.

आणखी एक गोष्ट कामाला लागण्याआधी मनात पक्की करून घेतली. या गाडीत चारही चाकांना मिळून द्रवाची एकच वाट आहे. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. इथे कुठल्याही एका चाकाचं ब्रेक ऑइल, म्हणजे तो द्रव, गळालं की चारही ब्रेक जातात. तेव्हा 'चालेल, नंतर बघू' हा शब्द या कामात वापरायचा नाही.

गाडी उचलतानाच पहिला धडा. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टवरच्या एका ड्रमवर लागतो. सपाट जमिनीवर तो चांगला धरतो, पण मागचं एक चाक जरी जॅकने उचललं तरी डिफरन्शियलमधून ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. गिअरमध्ये ठेवल्यानेही तिथे भागत नाही. म्हणून उचलणार नाही त्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे ठोकून बसवले, एक्सलखाली लोखंडी घोड्या लावल्या आणि जॅक काढून घेतला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही.

मग चाकाचे नट. पाना लावला, वजन टाकलं, नट जागचा हलेना. आणखी जोर लावणार तेवढ्यात काका म्हणाले, "उलटा फिरव." जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्या काळी ही सोय करत. मी ज्याला सोडवणं समजत होते ते आवळणं होतं. आणखी पाव फेरा रेटला असता तर स्टड तुटला असता.

चाक निघालं. मग हबची टोपी, आतली सर्कलिप, ड्राइव्ह फ्लँजचे सहा बोल्ट, वाकवून बसवलेला लॉक वॉशर आणि त्याच्या दोन्ही अंगांचे नट. शेवटी हब आणि ड्रम मिळून एकत्र बाहेर यायला हवे होते, पण ते येईनात. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून खाच पडते आणि शू त्या खाचेत अडकतात. मागच्या पत्र्यावर दोन षटकोनी डोकी असतात. ती फिरवली की आतला लंबगोल कॅम फिरतो आणि शू आत-बाहेर होतात. दोन्ही कॅम मागे फिरवले, ड्रमच्या कडेवर लाकडाच्या तुकड्यावरून गोल फिरत हलके ठोके दिले, आणि ड्रम हातात आला.

आत काळी भुकटी साचली होती. इथे जरा थांबून सांगते. जुन्या लायनरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते धागे फुप्फुसात गेले की तिथून निघत नाहीत. एअरच्या पाइपने फुंकून ड्रम साफ करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला ते बघवत नाही. मी चांगला मास्क लावला, साबणाचं पाणी फवारून सगळी भुकटी ओली केली, ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. वेळ लागला तो लागला.

पुसल्यावर जे दिसलं त्याने मला खात्रीच पटली. लायनर अजून जाड होते, पण त्यांचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला. व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचललं तर खालून ओलसर तपकिरी गाळ निघाला. पिस्टन बोटाने ढकलले, एक सरकला, दुसरा अडला. हाच चोर, असं मी मनाशी म्हणाले. पिस्टन मागे येत नाही, शू सुटत नाहीत, चाक तापतं. उत्तर इतकं नीट बसत होतं की पुढे शोधायची गरजच वाटली नाही.

सिलिंडर खोलला. आत मधोमध एक स्प्रिंग, तिच्या दोन्ही अंगांना रबरी कप, मग पिस्टन. नळीच्या आतल्या बाजूला गंजाची एक बारीक कडी होती, नखाला जाणवण्याइतकी. गंज कुठून येतो? आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतंच मुळी. ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन असतं आणि हवेतला ओलावा शोषून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही की ते पाणी सिलिंडरच्या तळाशी आपलं काम करत राहतं. शिवाय उकळायचं तापमानही खाली येतं. डॉट ३ दर्जाचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या ड्रमशेजारी ते उकळलं तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं असं मी तेव्हापासून ठरवलं आहे.

बारीक पॉलिश पेपरने गंज जाईल का ते पाहिलं, खड्डा उरलाच. खड्ड्यावरून कप घासला की तो फाटणार. म्हणून दोन्ही पुढच्या चाकांना नवे सिलिंडर आणि नवे लायनर लावायचं ठरवलं. ब्रेकचं काम नेहमी जोडीने करावं. एकीकडे नवं आणि एकीकडे जुनं ठेवलं तर गाडी कुठल्या तरी एका बाजूला ओढणारच. जोडीने करायचं, पण खोलायचं मात्र एकेक. एक चाक उघडं असताना दुसरं बंद ठेवलं की कुठली स्प्रिंग कुठे होती हे बघायला नमुना राहतो. पुढचा शू आणि मागचा शू सारखा नसतो. चाकाच्या फिरण्याबरोबर पुढचा शू ड्रममध्ये आपोआप ओढला जातो, तो जास्त काम करतो, म्हणून त्याचा लायनर लांब असतो. ते उलटे बसवलेले मी एका जुन्या गाडीत पाहिले आहेत.

रबराला पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागू द्यायचं नाही, ते फुगतं. जोडताना कपला ताजं ब्रेक ऑइलच लावलं. नवे शू बसले की ते ज्यांवर टेकून फिरतात त्या खालच्या अँकर पिनाही जुळवाव्या लागतात. त्यांच्या टोकावर खूण असते. मॅन्युअलमध्ये शूच्या खालच्या टोकाशी ५ थाऊ आणि वरच्या टोकाशी ८ थाऊ फट सांगितली आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या कामाला पूर्ण एक दुपार गेली आणि ती वाया गेली असं वाटत नाही. शू ड्रमला सगळीकडे सारखा टेकला की फिरवताना येणारा घासण्याचा आवाज अखंड, मऊ 'हुं' असा येतो. टोकाशीच टेकला तर खर्र, खर्र असा तुटक येतो. कान लावून ऐकलं की कळतं. हब परत बसवताना बेअरिंगचा नट चाक जड होईपर्यंत आवळला, मग फेऱ्याच्या सहाव्या भागाइतका सोडला आणि लॉक वॉशर वाकवला.

नंतर नळ्यांमधली हवा काढायची. हे दोघांचं काम. काका सीटवर बसले, उजवा पाय पेडलवर. त्यांच्या पायाखालच्या पत्र्यातलं छोटं झाकण काढलं की मास्टर सिलिंडरचं बूच दिसतं. ते उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने काढली, नाहीतर ती थेट आत. पेडलखाली लाकडाचा एक तुकडा ठेवला, कारण जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथवर जात नाही तिथे गंज बसलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत हाणलं की कप त्या गंजावरून घासून फाटतो, आणि आदल्या दिवशीपर्यंत ठीक असलेला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी जातो.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. चाकातल्या सिलिंडरला हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, तो निपल. त्या निपलवर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"काका, दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा." निपल अर्धा फेरा सोडला. बुडबुडे, मग तपकिरी गढूळ ऑइल. निपल आवळला. "सोडा."

असं पुन्हा पुन्हा. मध्ये मध्ये मास्टर सिलिंडरची वरची टाकी भरत राहायचं, ती रिकामी झाली की पुन्हा हवा ओढते आणि सगळं पहिल्यापासून. मागच्या दोन्ही चाकांना आणि पुढच्या उजव्याला सरळ धार आली. पुढच्या डाव्याला मात्र धार अशी आलीच नाही. बारीक, रेंगाळत येणारी थेंबांची माळ. निपलच्या भोकात कचरा असेल असं म्हणून मी तो काढून तारेने साफ केला. भोक मोकळं होतं. माळ तशीच राहिली. बुडबुडे थांबले होते, पेडल टणक लागत होतं, दिवस कलला होता. मी चाक चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडंसं चालवून पाहिलं, हलके हलके ब्रेक मारले. सगळं छान. चारही चाकं गार. मला झालेला आनंद काकांनाही दिसला असावा, ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी लांब गेले, उताराचा रस्ता होता, ब्रेक खरोखर मारावे लागले. परत आले तेव्हा तोच वास, तीच धग, तेच चाक.

त्या संध्याकाळी मी जीपमध्ये नुसतीच बसून राहिले. नवे सिलिंडर, नवे शू, नव्या स्प्रिंगा. जे खराब होतं ते खरंच खराब होतं, ते बदलणं चुकीचं नव्हतं. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली होती. काकांना विचारलं, "तुम्ही त्या दिवशी नक्की काय म्हणाला होतात?" त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

या वेळी पूर्ण ऐकलं. ब्रेक मारल्याबरोबर गाडी उजवीकडे जाते, म्हणजे त्या क्षणी उजवा ब्रेक लागला आहे आणि डावा अजून लागलेला नाही. पाय काढल्यावर डावीकडे ओढते, म्हणजे उजवा सुटला आहे आणि डावा अजून सुटलेला नाही. डावं चाक लागायलाही उशीर करतं आणि सुटायलाही. अडकलेल्या पिस्टनने असं होऊ शकतं, पण तो तर मी बदलला होता. मग द्रवालाच तिथवर जायला आणि परत यायला वेळ लागतोय. थेंबांची माळ आठवली आणि अंगावर काटा आला.

तरी या वेळी अंदाजावर काही खोलायचं नाही असं ठरवलं. आधी मास्टर सिलिंडर. त्यात टाकीकडे जाणारं सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाय काढला की जास्तीचं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पेडलला मोकळी चाल नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेलं राहतं आणि गाडी तापली की ब्रेक आपोआप लागत जातात. पेडलची मोकळी चाल मोजली, बरोबर अर्धा इंच होती. शिवाय तिथे दोष असता तर चारही चाकं धरली असती. एकच धरतंय.

डावं चाक उचललं, घोडी लावली. हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. काकांनी पेडल जोरात दाबून सोडलं. फिरवलं, गच्च. मनात आकडे मोजत राहिले. चाळीसच्या पुढे गेल्यावर ते कुरकुरत थोडं हललं. पुन्हा दाबून सोडायला सांगितलं आणि या वेळी लगेच निपल सोडला. पचकन ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे शू अडकलेले नाहीत, दाब अडकलेला आहे.

आता शेवटचं. चेसिसकडून येणारी लोखंडी नळी आणि चाकाकडे जाणारा वीतभर लांबीचा रबरी होज जिथे जोडले जातात, तिथला नट. पुन्हा पेडल दाबून सोडलं. चाक गच्च. तो नट पाव फेरा सैल केला. दोन थेंब आले आणि थांबले. चाक फिरवलं. गच्च. नट आवळला, निपल सोडला. चिळकांडी. मोकळं.

दाब होजच्या अलीकडे नव्हता, पलीकडे होता. मधे फक्त तो वीतभर रबर. बाहेरून बघावं तर काही म्हणता काही नाही. भेग नाही, फुगा नाही, ओल नाही. पहिल्याच दिवशी मी तो बोटांनी वाकवून बघितला होता आणि 'चांगला आहे' म्हणून सोडून दिला होता.

नवा होज लावताना क्रम महत्त्वाचा. जुन्या नळीच्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल लावून ठेवलं, सकाळी फ्लेअर नटच्या पान्याने सोडवला. हा पाना नटाला जवळजवळ पूर्ण कवेत घेतो. साध्या फिक्स पान्याने या मऊ नटाच्या कडा गोल होतात आणि मग अख्खी नळी कापावी लागते. होज आधी चाकाच्या बाजूला नव्या तांब्याच्या वॉशरवर आवळला, मग दुसरं टोक चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये पीळ न पडू देता बसवून क्लिप ठोकली, मग लोखंडी नळी जोडली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज कुठे ताणत नाही, टायरला घासत नाही हे पाहिलं. उजव्या चाकाचा आणि बाकीचेही रबरी होज त्याच दिवशी बदलले, सगळे एकाच वयाचे होते. एक थेंब मडगार्डवर पडला होता तो लगेच पाण्याने धुतला, हे ऑइल रंग खातं.

हवा काढायला पुन्हा काका सीटवर. "दाबा... धरून ठेवा." डाव्या चाकाचा निपल सोडला आणि नळीतून सरळ, जाड, पिवळसर धार बाटलीत गेली. मी काहीतरी ओरडले असणार, कारण काकांनी वाकून विचारलं, "काय झालं गं?"

"धार आली, काका."

जुना होज मी धारदार सुरीने उभा चिरला. आतला मार्ग मुळात बारीकच असतो, पण इथे आतलं रबर फुगून दोन्ही बाजूंनी एकमेकांना टेकलं होतं. एका जागी आतल्या थराचा सालीसारखा पापुद्रा सुटून मार्गात आडवा आला होता, एका टोकाला चिकटलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा. नखाने एका बाजूने ढकलला की थोडा दबतो आणि वाट देतो, दुसऱ्या बाजूने ढकलला की मार्गावर झाकणासारखा बसतो. पायाच्या जोराने ऑइल त्याला रेटून पुढे जात होतं. परत यायला मात्र शूच्या स्प्रिंगांचा जोर पुरत नव्हता. काकांनी तो तुकडा चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. "इतकी वर्षं बाहेरूनच बघत आलो," म्हणाले.

मग त्याच उताराच्या रस्त्याने गेलो. काका शेजारी बसले होते. पहिल्या वळणाआधी मुद्दाम जोरात ब्रेक मारला, स्टिअरिंगवर बोटं नुसती टेकवून ठेवली. जीप सरळ रेषेत दबली आणि थांबली. पाय काढला, ती सरळच पुढे निघाली. असं सहा-सात वेळा केलं. खाली पोचल्यावर मी उतरायच्या आत काका त्यांच्या बाजूने उतरले, पुढच्या डाव्या चाकापाशी गेले आणि हाताचा पालथा पंजा पुढे केला. मग उजव्या बाजूला गेले. मग मागे.

दारातल्या कप्प्यात त्यांची जुनी वही असते. ऑइल कधी बदललं, प्लग कधी, टायर कधी, सगळं तारखेसह त्यांच्या बारीक अक्षरात. ती त्यांनी काढली, पेन शोधलं आणि वही माझ्या हातात दिली. मी तारीख घातली आणि लिहिलं: चारही रबरी होज बदलले, पुढचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि लायनर नवे, ऑइल नवं. मोकळी चाल अर्धा इंच. चारही चाकं कोमट.